आयसीयूतून मानसोपचार आणि व्यसनमुक्तीकडे : या वाटेने कुणी गेलंय का?

रात्रपाळी | १२ जून, पहाटे ४:१०

आयसीयूत सात वर्षं झाली. व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, आर्टेरियल लाइन हे सगळं आता हातांना आपसूक येतं. इन्चार्ज म्हणतात, पुढच्या वर्षी युनिट तुझ्याकडे देऊ. माझ्या डोक्यात मात्र गेले आठ महिने भलतंच चाललंय.

कारण सांगते. मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेला एक पेशंट आमच्याकडे आला होता. पहिले दोन दिवस थोडा घाम आणि हातांना कंप, एवढंच. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून काहीतरी वेचायला लागला. भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, त्याने सलाइन उपटलं. आम्ही हात बांधले. पाळी बदलताना हँडओव्हरमध्ये ‘नाटकी आहे, सांभाळा’ असं सांगितलं गेलं, आणि सांगणारी मीच होते. बाहेर त्याची बायको बसली होती. तिला विचारलं, यांनी शेवटची कधी घेतली होती? तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग इतक्या हळू सांगितलं की जणू चूक तिचीच होती. तीन दिवसांत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. ॲडमिशनच्या फॉर्मवर तसा रकाना होता, आणि त्यात कोणीतरी ‘नाही’ लिहून टाकलं होतं.

तेव्हापासून मानसोपचार आणि व्यसनमुक्तीकडे जावंसं वाटतंय. पण सात वर्षं कमावलेलं कौशल्य तिथे वाया जाईल का? आधी कोर्स करायचा की आधी नोकरी धरायची? सहकारी म्हणतात, ‘तिथे काय, गोळ्या वाटायच्या आणि गप्पा मारायच्या.’ जे खरंच तिथे आहेत त्यांच्याकडून ऐकायचंय.

थर्मामीटर | १२ जून, सकाळी ८:०२

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाचतेय.

सिस्टरबाई | १२ जून, दुपारी २:४५

रात्रपाळी, व्यसनमुक्तीच्या वॉर्डात मला एकोणीस वर्षं झाली. आधी ‘गोळ्या आणि गप्पा’ निकालात काढते.

दारू सुटताना शरीराचं घड्याळ शेवटच्या घोटापासून चालू होतं. सहा-आठ तासांत कंप, घाम, मळमळ. फिट यायची असेल तर बहुधा ६ ते ४८ तासांत. आणि तू पाहिलंस ते डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दारू सुटतानाचा भ्रम आणि कंप, साधारण ४८ ते ९६ तासांत. आता तुझ्या पेशंटचा हिशोब मांड : अपघात, ऑपरेशन, तिसरी रात्र. वेळापत्रक अगदी बरोबर चालू होतं. त्यात ताप, वाढलेली नाडी, चढलेलं बीपी. हे माणसाला मारू शकतं, नाटक वगैरे काही नाही. (‘नाटकी’ तू एकटीच म्हणाली नाहीस. मीही म्हटलेलं आहे, तुझ्याइतकीच होते तेव्हा.)

दारू सुटतानाचा त्रास गुणांत मोजायला आम्ही सीवा स्केल वापरतो. दहा बाबी, पैकी नऊंना प्रत्येकी सातपैकी गुण आणि भानाला चारपैकी, एकूण ६७. भरायला दोन-तीन मिनिटं लागतात, पण नीट भरायला शिकायला वर्ष जातं. कंप बघायचा म्हणजे दोन्ही हात पुढे, बोटं फाकलेली. डोळ्यांना दिसला नाही तरी पेशंटच्या बोटांच्या टोकांना आपल्या बोटांची टोकं लावायची. न दिसणारा कंप तिथे जाणवतो आणि त्याला एक गुण आहे. हे मॉनिटरवर येत नाही, बाई. गुण किती त्यावर डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही शांत करणारी औषधं किती ते ठरतं. यकृत खराब असेल तर बहुतेक वेळा लोराझेपाम. चुकीचे गुण म्हणजे चुकीचा डोस. कमी पडला तर फिट, जास्त झाला तर श्वास मंद.

पुढे थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. वर्षानुवर्षं पिणाऱ्याला ग्लुकोज लावायच्या आधी किंवा निदान बरोबरच थायमिन गेलं पाहिजे, नाहीतर वर्निके एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे थायमिनच्या कमतरतेने होणारी मेंदूची इजा, ओढवून घ्यायची वेळ येते. पुस्तकात तिची तीन लक्षणं असतात : गोंधळ, तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं. तिन्ही एकदम थोड्याच पेशंटमध्ये दिसतात. तिन्हींची वाट बघत बसलीस तर माणसाची स्मरणशक्ती कायमची जाते. असे दोघे मी पाहिलेत. एक जण मला रोज नव्याने नाव विचारायचा.

आणि तोंडाला वास आला की सगळे विचार करायचं थांबवतात. ‘पिऊन आलाय, उतरू दे.’ उतरतच नाही, कारण डोक्यात रक्तस्राव झालेला असतो, किंवा साखर ४० असते. तेव्हा तुझी आयसीयूची सवय कामाला येते. हात गंजायची काळजी सोड.

वॉर्डब्रदर | १२ जून, रात्री १०:३०

सिस्टरबाईंनी व्यसनाची बाजू मांडली, मी मानसोपचाराच्या ॲक्यूट वॉर्डाची मांडतो. तिथे ११ वर्षं ब्रदर आहे.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. विशीतला मुलगा, आदल्या संध्याकाळी हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध दिलेलं. सकाळी मान एका बाजूला पिळलेली, डोळे वर चढलेले, जबडा आवळलेला. सोबतचा म्हणाला, लक्ष वेधून घेतोय. एक जुन्या सिस्टर पळत आल्या, डॉक्टरांना फोन, प्रोमेथाझिनचं इंजेक्शन. थोड्या वेळात मान सरळ. ॲक्यूट डिस्टोनिया, म्हणजे औषधाने स्नायू अचानक आवळले जाणं. मुलगा रडत होता, कारण आपल्याला कोणीतरी आतून पिळतंय असं त्याला वाटलं होतं, आणि आजार तेच त्याला आधीपासून सांगत होता.

लिथियम या मूड सांभाळणाऱ्या औषधावरच्या पेशंटला जुलाब-उलट्या झाल्या तर ते नुसतं पोट बिघडणं नसतं, विषबाधेची सुरुवात असू शकते. रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी तपासायची, आणि १.५ च्या वर गेली की धोका. दुखण्यावरच्या साध्या आयबुप्रोफेननेही ती चढते. क्लोझॅपिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या, सुरुवातीला दर आठवड्याला. पेशी सगळ्यांना पाठ असतात. पोट साफ झालं का हे विचारायला लोक विसरतात, आणि क्लोझॅपिनच्या बद्धकोष्ठाने माणसं दगावलेली आहेत. सकाळच्या राउंडला मी हा प्रश्न इतक्या मोठ्याने विचारतो की पेशंटनी माझं नावच त्यावरून ठेवलंय.

पण खरं अवघड हे नाही. पहिला महिना तुला आपण बिनकामाचे आहोत असं वाटेल. आयसीयूत दर तासाला काहीतरी करायचं असतं, त्याची नोंद होते, आकडा सुधारतो. इथे चार तास एका गप्प बसलेल्या बाईच्या शेजारच्या खुर्चीत बसून उठलीस तर चार्टवर काय लिहिणार? मी सुरुवातीला ‘पेशंट शांत’ लिहायचो. आमच्या इन्चार्जनी ते खोडून विचारलं, ‘शांत म्हणजे बरी की ठरवून झालंय?’ नैराश्यातला माणूस सावरायला लागतो तेव्हा अंगात बळ आधी येतं, मनाचं ओझं नंतर उतरतं. मधले ते दिवस धोक्याचे. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडेही तसेच.

तेव्हापासून लिहितो : जेवली का, कुणाकडे पाहिलं, वस्तू कुणाला देऊन टाकल्या का, आणि मी थेट विचारलं का. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ या शब्दांत. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. पहिल्यांदा विचारताना माझाच घसा कोरडा पडला होता.

पाऊणशहाणा | १३ जून, सकाळी ९:१५

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, त्यामुळे आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. पण व्यसनी माणूस खोटं बोलतो हे घराघरांत माहीत आहे. मग इतकं बोलून, बसून, विचारून हाती काय लागतं? त्यापेक्षा कडक शिस्त, कुलूप आणि औषध बरं नाही का?

नववं वर्ष | १३ जून, दुपारी १२:४०

पाऊणशहाणा, मी तो खोटं बोलणारा माणूस. दारू सोडून नववं वर्ष चालू आहे, म्हणून हा आयडी.

डॉक्टरांनी विचारलं, ‘रोज घेता का?’ मी म्हणालो, कधीतरी. बायको समोर होती. रात्री नर्स नाडी बघायला आल्या. त्यांनी विचारलं, ‘सकाळी उठल्यावर पहिली किती वाजता लागायची?’ या प्रश्नात मी पितो हे त्यांनी धरूनच चाललं होतं, आणि आवाजात काही नव्हतं, ना दया ना राग. मी म्हणालो, पाच वाजता. मग दिवसाचा सगळा हिशोब आपोआप बाहेर आला. माझा डोस त्या रात्री बदलला. खोटं बोललो असतो तर मला फिट आली असती की नाही, ठाऊक नाही. पण खरं बोलायला कारण लागतं, आणि ते कारण त्या प्रश्नात होतं.

कुलूप आणि शिस्तीचं म्हणाल तर मी दोन ठिकाणी तेही भोगलंय. बाहेर पडल्यावर पहिल्या कोपऱ्यावर प्यायलो.

सिस्टरबाई | १३ जून, दुपारी ३:२०

नववं वर्ष, नमस्कार. तुमच्यासारख्यांनी लिहिलं की आमची अर्धी व्याख्यानं वाचतात.

पाऊणशहाणा, तुमचा प्रश्न रास्त आहे, जुन्या डॉक्टरांनाही पडायचा. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची मांडणी केली, ती याच अनुभवातून. तुम्ही जितकं ‘सोडा’ म्हणता, तितका समोरचा न सोडण्याची कारणं देतो, आणि आपल्याच तोंडून ती ऐकून त्याला ती पटत जातात. म्हणून बदलाचं कारण त्याच्या तोंडून यावं, आपण फक्त वाट करून द्यायची. ऐकायला मवाळ वाटतं. प्रत्यक्षात जीभ दाताखाली धरून बसावं लागतं.

आणि कुलपाने एक नुकसान होतं ते फारसं कोणी बोलत नाही. हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेत विड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, भयंकर असतो, पण दारूसारखा सहसा जिवावर बेतत नाही. जीव नंतर जातो. दोन-तीन आठवडे आत राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, माणूस बाहेर पडून जुनाच डोस घेतो आणि श्वास थांबतो. म्हणून नुसतं ‘धुऊन’ बाहेर सोडणं धोक्याचं. हेरॉइनच्या जागी मोजून दिलं जाणारं मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवणं आणि घरच्यांना नॅलॉक्सोन, म्हणजे ओव्हरडोसवरचा उतारा, वापरायला शिकवणं, ही नर्सचीही कामं आहेत. ‘एक नशा काढून दुसरी दिली’ असं ऐकवणारे भेटतील. ऐकायचं आणि पुढचा डोस मोजायचा. ब्युप्रेनॉर्फिन मात्र घाईने दिलं, अंगात अजून हेरॉइन असताना, तर तेच विड्रॉवल उसळवतं. म्हणून आधी विड्रॉवलचा स्कोअर, मग गोळी.

सोडून दिलं | १३ जून, रात्री ११:५५

सगळे छान लिहितायत, म्हणून दुसरी बाजू. चार वर्षं व्यसनमुक्तीत होते, सोडलं. आता बालरोग विभागात आहे.

का सोडलं? पेशंटमुळे नाही. एका वर्षात डिस्चार्ज झालेले तीन जण गेले. तिघांनाही मी नावानिशी ओळखत होते. दर वेळी बातमी हँडओव्हरमध्ये कळली, बेड नंबर सांगावा तशी, आणि त्यानंतर ड्युटी. एकदा पेशंटने मला भिंतीशी दाबलं. घटनेचा फॉर्म भरला, पण ‘तू कशी आहेस’ हे विचारायला कोणाला वेळ नव्हता. रात्री तीस पेशंटना आम्ही दोघी.

रात्रपाळी, मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराआधी एक विचार : सुपरव्हिजन कोण देतं आणि महिन्यातून किती वेळा? म्हणजे कामाची तपासणी नव्हे. तुझ्या मनात पेशंटबद्दल काय चाललंय ते बोलायला ठरलेली वेळ आणि ठरलेला अनुभवी माणूस. समोरचा चाचरला तर उठून ये. मी विचारलं नव्हतं.

वॉर्डब्रदर | १४ जून, सकाळी ७:२०

‘सोडून दिलं’ यांच्या प्रत्येक ओळीला +१. जी चार वर्षं केलीत ती वाया गेली असं समजू नका.

आता कोर्स आधी की नोकरी आधी. देशोदेशी वेगळं आहे. ब्रिटनमध्ये मेंटल हेल्थ नर्सिंग ही पहिल्यापासूनच स्वतंत्र शाखा आहे, बऱ्याच देशांत आधी सामान्य नर्सिंग आणि मग विशेष शिक्षण. तुमच्या नर्सिंग कौन्सिलचे नियम बघा. पण नोंदणी हातात आहे आणि सात वर्षांचा अनुभव आहे, तर माझं मत : आधी पाय भिजव. आयसीयूतून सर्वांत सोपी वाट म्हणजे जनरल हॉस्पिटलातली लिएझन टीम, जी मेडिकल-सर्जिकल वॉर्डांतले मानसिक त्रासाचे आणि व्यसनाचे पेशंट बघते. तुझा मांडीच्या हाडाचा पेशंट त्यांचाच. दुसरी वाट डिटॉक्स युनिट, जिथे नशा सुटतानाचे पहिले दिवस सांभाळतात. सहा महिन्यांनी कळेल की आवडतंय की नुसतं अपराधी वाटतंय, मग पदविका किंवा पदव्युत्तर. पुढे वाटा फुटतात : ओपिऑइड सब्स्टिट्यूशन क्लिनिक (मेथाडोन-ब्युप्रेनॉर्फिन देणारं), कम्युनिटी, तुरुंग, किशोरवयीन मुलं, शिकवणं. काही देशांत जास्तीचं प्रशिक्षण घेऊन नर्सना औषधं लिहिताही येतात.

थर्मामीटर, तुझ्यासाठी : हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन मानसोपचार नर्सला वाच. १९५२ मध्ये तिचं पुस्तक आलं. तयार होतं त्याआधी चार वर्षं, पण डॉक्टरचं नाव सोबत नसताना नर्सने पुस्तक लिहिणं तेव्हा पचायचं नाही. तिने नर्सच्या भूमिका मांडल्या त्यातली पहिली आहे ‘अनोळखी व्यक्ती’. मला ती फार आवडते. पहिल्या दिवशी आपण पेशंटचे कोणी नसतो, आणि तसंच वागायचं : सभ्यपणे, गृहीत न धरता.

सिस्टरबाई | १४ जून, दुपारी १:०५

रात्रपाळी, एक विचारते, उत्तर इथे द्यायलाच हवं असं नाही. पहाटे चार वाजता धागा काढलास. त्या बाईच्या हळू आवाजावर दोन ओळी लिहिल्यास, पेशंटच्या पुढच्या तब्येतीवर एकही नाही. घरात कोणी होतं का?

रात्रपाळी | १४ जून, रात्री ११:३८

वडील. मी नववीत असल्यापासून. गेले त्याला दहा वर्षं झाली. आई त्याच आवाजात बोलायची.

तो पेशंट बरा होऊन गेला, सहाव्या दिवशी. लिहायचं सुचलंच नाही, हे तुम्ही म्हटल्यावर लक्षात आलं.

थर्मामीटर | १५ जून, सकाळी ७:५०

ताई, मग तर तुम्हीच जायला हवं. ज्याने भोगलंय त्यालाच कळतं.

सिस्टरबाई | १५ जून, सकाळी ११:३०

थर्मामीटर, तुझं मन चांगलं आहे, पण मी हे मान्य करत नाही. ज्याने भोगलंय त्याला स्वतःचं कळतं. समोरच्याचं कळलंय असा भास होतो, आणि तोच घात करतो. आमच्याकडे अशी एक मुलगी होती. तिच्या वडिलांच्या वयाचे पेशंट तिला सापडायचे बरोब्बर, आणि ते पुन्हा प्यायले की ती आठवडाभर जेवायची नाही. तशाच घरातून आलेल्या दुसऱ्या दोघी उत्तम काम करतात, वीस-वीस वर्षं. फरक एवढाच की त्या दोघींनी आपलं दुखणं बोलायला वेगळी जागा शोधली होती, वॉर्डाबाहेर. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी १९५१ पासून अल-ॲनॉन हे आधारगट आहेत. समुपदेशकही असतात. येऊ नकोस म्हणत नाही. आधी ती जागा शोध, मग ये.

नववं वर्ष | १५ जून, दुपारी ४:१५

पेशंटच्या बाजूने एवढंच : मला मुलगी नको होती वॉर्डात. मुलगी घरी होती, तिच्यापुढे मान खाली होती. नर्स हवी होती.

रात्रपाळी | ३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

धागा वर काढतेय. ऑगस्टपासून डिटॉक्स युनिटला आहे. युनिटचं इन्चार्जपद सोडलं, घरी दोन दिवस अबोला होता. मुलाखतीत सुपरव्हिजनचं विचारलं. महिन्यातून दोनदा आहे आणि खरंच होतं. मी एका समुपदेशकाकडेही जातेय.

पहिला महिना वॉर्डब्रदर म्हणाले तसाच गेला. पंपाचा अलार्म ऐकू न आल्याने झोप यायची नाही. बोटांची टोकं लावून कंप बघायला शिकले. गेल्या आठवड्यात हँड सॅनिटायझरची बाटली एका पेशंटच्या उशीखाली सापडली, अर्धी संपलेली. आता बाटल्या भिंतीवर ठेवत नाही, आम्ही कमरेला लावतो.

एक अडलंय. एका पेशंटची मुलगी, सोळा वर्षांची, भेटायला यायची. एकटीच. डिस्चार्जच्या दिवशी तिने माझा नंबर मागितला आणि मी दिला. आता रात्री फोन येतात. बाबा उशिरा आले, बाबांच्या तोंडाला वास येतोय का कळत नाही, काय करू. मी दर वेळी उचलते. सुपरव्हिजनला अजून सांगितलेलं नाही.

सिस्टरबाई | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४१

का सांगितलं नाहीस ते तुला माहीत आहे, मी लिहीत नाही.

नंबर ब्लॉक करायचा नाही. तिच्या आयुष्यात न सांगता गायब होणारं माणूस आधीच एक आहे. उद्या तू स्वतः सांग, दिवसा, शुद्धीत, दोन मिनिटांत : नंबर दिला ही माझी चूक, तुझी नाही. रात्री फोन वॉर्डाच्या नंबरवर करायचा, तिथे कोणीतरी जागं असतंच. जिवाला धोका वाटला, मारहाण झाली, तर आपत्कालीन नंबर आधी. सोशल वर्करशी तिची गाठ घालून दे, आणि तिच्या वयाच्या मुलांचा गट जवळपास आहे का ते त्यांना बघायला सांग. आणि परवाच्या सुपरव्हिजनला पहिला विषय हाच.

सोडून दिलं | ३ नोव्हेंबर, रात्री १०:०८

मीही दिला होता एकदा. सांग त्यांना. रागावत नाहीत.

रात्रपाळी | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५५

सांगितलं तिला. ती म्हणाली, ‘म्हणजे आता तुम्ही नाही उचलणार?’ मी म्हटलं, मी नाही, पण वॉर्डाचा फोन उचलला जाईल. बराच वेळ काही बोलली नाही, मग मी तिला वॉर्डाचा नंबर दोनदा म्हणून दाखवायला लावला.

इन्चार्जना आणि सोशल वर्करना सांगून तिचं नाव रात्रीच्या रजिस्टरमध्ये वर लिहून आले. आज रात्री ड्युटीला कोण आहे तेही बघितलं. फोन उचलणारी आहे.